डेट्रॉइटच्या उभारीमागचा सावकार

बेळगावच्या उद्यमबागेत दिवस मावळताना एखाद्या फाउंड्रीच्या दारात उभे राहिले, तर आत वाळूचे साचे रांगेने मांडलेले दिसतात. भट्टीतून लॅडलमध्ये (लांब दांड्याच्या पळीत) घेतलेला लोखंडाचा रस दोघे जण एकेका साच्याच्या तोंडाशी नेऊन हात न थांबवता ओततात, आणि निवलेला साचा फोडला की वाळू चिकटलेले काळपट कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, बाहेर पडते. पुढे ते फेटलिंगला, म्हणजे साफसफाईला, मग मशीन शॉपला जाते आणि शेवटी कोणत्या तरी वाहनाच्या पोटात बसते. ते वाहन कोणते, हे ओतणाऱ्याला बहुधा ठाऊक नसते. पण वाहनांचा बाजार बसला की पाळ्या कमी होतात, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही.

अशा गावाला डेट्रॉइट हे नाव परके वाटत नाही. अमेरिकेच्या मिशिगन राज्यातल्या या शहराविषयी आपल्याकडच्या कारखानदारीत दोन गोष्टी सर्रास सांगितल्या जातात: मोटारीचा धंदा तिथे वाढला, आणि ते शहर एक दिवस दिवाळखोर झाले. अलीकडे त्यात तिसरीची भर पडली आहे, ती म्हणजे डॅन गिल्बर्ट नावाच्या एका अब्जाधीशाने मोडकळीला आलेले डेट्रॉइट विकत घेऊन पुन्हा उभे केले, ही. एप्रिल 2024 मध्ये जनरल मोटर्सने आपले मुख्य कार्यालय गिल्बर्ट यांनी बांधलेल्या नव्या इमारतीत हलवण्याचे जाहीर केले, तेव्हा या तिसऱ्या गोष्टीवर जणू शिक्काच बसला. बेळगावलाही असा कोणी धनवान मिळाला असता तर, असे उसासे त्यानंतर मी एकापेक्षा अधिक वेळा ऐकले. म्हणून या गोष्टीची मागची बाजू थोडी सविस्तर मांडणे आवश्यक वाटते.

गिल्बर्ट मोटारी बनवत नाहीत. त्यांचा धंदा घरकर्जाचा आहे. शीर्षकात सावकार हा शब्द घातला आहे तो विचार करूनच. गोकाककडे ‘सावकार’ ही आजही मानाची हाक आहे. मात्र जुन्या गहाणखतांची आठवण ज्या घरांत शिल्लक आहे, तिथे हाच शब्द जरा दबक्या आवाजात उच्चारला जातो. डेट्रॉइटच्या गोष्टीत या शब्दाच्या दोन्ही छटा आहेत, कारण त्या शहराचा मागील शंभर वर्षांचा इतिहास मोटारींइतकाच कर्जाचाही इतिहास आहे: कर्ज कोणाला मिळाले, कोणाला नाकारले गेले, आणि बुडालेल्या कर्जातून कोण काय घेऊन बाहेर पडला.

हेन्री फोर्ड यांची कंपनी 1903 सालची. 1910 मध्ये त्यांनी हायलँड पार्क येथे मोठा कारखाना सुरू केला, 1913 मध्ये तिथे सरकत्या पट्ट्यावरची जोडणी आली आणि जानेवारी 1914 मध्ये दिवसाला पाच डॉलर मजुरीची घोषणा झाली. दक्षिणेकडच्या कापसाच्या शेतांतून कृष्णवर्णीय कुटुंबे आणि युरोपातून स्थलांतरित लोक लोंढ्याने आले. 1900 साली पावणेतीन लाखांच्या आसपास असलेली लोकसंख्या 1930 पर्यंत साडेपंधरा लाखांवर गेली.

हायलँड पार्कचा कारखाना सुरू झाला त्याच वर्षी, 1910 मध्ये, आपल्याकडेही एक कारखाना जागा बदलत होता. बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात करून लोखंडी नांगर बनवायला घेतले होते. लोखंडाने जमीन विषारी होते, अशा समजुतीमुळे पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली, आणि जरा जम बसतो आहे तोच कारखान्याची जागा नगरपालिकेला नव्या उपनगरासाठी हवी झाली. त्या अडचणीच्या वेळी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळ निवडुंगाने भरलेली माळरानाची जमीन आणि दहा हजार रुपयांचे कर्ज दिले. त्यातून किर्लोस्करवाडी उभी राहिली. धनिकाने योग्य वेळी पैसा आणि जमीन दिली, म्हणजे उद्योगाचे गाव कसे वसते, याचे उदाहरण शोधायला आपल्याला साता समुद्रापार जाण्याचे कारण नाही. फरक इतकाच की, पंतप्रतिनिधींचा पैसा नांगर ओतण्यासाठी होता. गिल्बर्ट यांचा पैसा कशासाठी होता, ते पुढे येईलच.

डेट्रॉइटमध्ये धनिकाच्या एका नकाराने काय होते, हेही लवकरच दिसले. 1933 च्या सुरुवातीला तिथला गार्डियन हा मोठा बँकसमूह बुडण्याच्या बेतात होता. सरकारी मदत मिळण्यासाठी फोर्ड यांनी त्या बँकेतील आपल्या सुमारे 75 लाख डॉलरच्या ठेवींवरचा हक्क मागे ठेवावा, म्हणजे इतर देणेकऱ्यांना आधी पैसे मिळू द्यावेत, अशी अट होती. फोर्ड यांनी साफ नकार दिला. 14 फेब्रुवारी 1933 रोजी मिशिगनच्या गव्हर्नरांनी राज्यातल्या सगळ्या बँका बंद ठेवण्याचा आदेश काढला, ती घबराट राज्याराज्यांत पसरली, आणि तीन आठवड्यांनी नव्याने राष्ट्राध्यक्षपदावर आलेल्या रूझवेल्ट यांना साऱ्या देशाच्या बँकांना टाळे लावावे लागले. एका शहराचे दैव एका माणसाच्या तिजोरीशी बांधले गेले, म्हणजे त्याच्या लहरीलाही किंमत येते.

या मंदीनंतर अमेरिकेच्या केंद्र सरकारने घरकर्जाला विमा देण्याची योजना आणली आणि लाखो मध्यमवर्गीयांना स्वतःचे घर घेता आले. मात्र हा विमा कुठल्या वस्तीला द्यायचा, याचे निकष वर्णभेदाचे होते. कृष्णवर्णीयांची वस्ती जवळ असलेला भाग जोखमीचा ठरवला जाई. डेट्रॉइटच्या उत्तर सीमेजवळ, एट माइल रस्त्याच्या खालच्या बाजूला, एका बिल्डरला गोऱ्या कुटुंबांसाठी वसाहत बांधायची होती. शेजारी कृष्णवर्णीयांची घरे असल्यामुळे कर्जाचा विमा नाकारला गेला. तेव्हा त्याने 1941 मध्ये दोन्ही वस्त्यांच्या मधोमध सहा फूट उंचीची, सुमारे अर्धा मैल लांबीची काँक्रीटची भिंत बांधली आणि कर्जाला मंजुरी मिळवली. ती भिंत अजून उभी आहे. तिथल्या रहिवाशांनी पुढे तिच्या काही भागावर चित्रे रंगवली. गृहकर्जाच्या फाईलसाठी बांधलेली भिंत ही कल्पनाच मुळी आपल्याला अजब वाटेल. पण कोणत्या गल्लीतल्या घराचे तारण बँक बिनबोभाट घेते आणि कोणत्या गल्लीचे नाव ऐकताच मॅनेजर कागद बाजूला ठेवतो, याचा अनुभव असलेल्यांना ती फारशी अजब वाटणार नाही.

1950 च्या जनगणनेत डेट्रॉइटची लोकसंख्या 18 लाख 49 हजारांवर पोचली आणि तिथून ती उतरणीला लागली. ही उतरण 1967 च्या दंगलीमुळे सुरू झाली, असे सोयीस्करपणे सांगितले जाते. त्या दंगलीत 43 माणसे मेली आणि तिने स्थलांतराला वेग दिला, हे खरे आहे. परंतु 1947 ते 1963 या काळातच, म्हणजे दंगलीच्या बऱ्याच आधी, शहराने कारखान्यांतल्या सुमारे 1 लाख 34 हजार नोकऱ्या गमावल्या होत्या. जुने कारखाने बहुमजली होते. नव्या यंत्रांना एकमजली, लांबरुंद शेड हव्या होत्या, आणि तशी स्वस्त जमीन शहराबाहेर होती. पॅकार्ड या कंपनीचे मोटार बनवणे 1956 मध्ये तिथे थांबले. सरकारी पैशाने महामार्ग झाले, सरकारी विम्याने उपनगरांत घरे झाली, आणि गोरी कुटुंबे, त्यांच्यामागून दुकाने, असे सगळे एट माइल ओलांडून गेले. शहराकडे राहिली ती जुनी घरे, जुन्या पाइपलाइन, निवृत्तांची पेन्शन आणि आटत चाललेला कर. बेळगावच्या वाचकाने यासाठी शिनोळी आठवावी. गावापासून हाकेच्या अंतरावर राज्याची हद्द बदलते, आणि वीजदर, सवलती, जमीन यांचा हिशेब करून बेळगावच्याच काही कारखानदारांनी पलीकडे चंदगड तालुक्यात शेड टाकल्या. हद्द ओलांडणे कारखानदाराला सोपे असते. गाव जागेवरच राहते.

वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवरचे हडसन्स हे प्रचंड डिपार्टमेंट स्टोअर हे त्या शहराच्या मध्यवस्तीचे वैभव होते. नाताळच्या खरेदीला तिथे जाणे हा तिथल्या कुटुंबांचा रिवाज होता. 1983 मध्ये ते बंद झाले. रिकामी इमारत पंधरा वर्षे तशीच उभी होती, आणि 24 ऑक्टोबर 1998 रोजी स्फोटके लावून ती पाडण्यात आली. पडताना ढिगाऱ्याने शेजारून जाणाऱ्या उन्नत रेल्वेचा मार्गही मोडला. त्या जागेवर पुढे जमिनीखाली वाहनतळ झाला आणि वर दोन दशके काहीच झाले नाही.

शहर उभे करण्याचा पहिला धनाढ्य प्रयत्न गिल्बर्ट यांचा नाही. 1970 च्या दशकात हेन्री फोर्ड यांचे नातू हेन्री फोर्ड दुसरे यांनी इतर कंपन्यांकडून पैसे गोळा करून नदीकाठी रेनेसान्स सेंटर हे काचेच्या मनोऱ्यांचे संकुल बांधले. 1977 मध्ये ते सुरू झाले. नाव पुनरुज्जीवनाचे होते, पण बांधणी किल्ल्यासारखी होती. रस्त्याकडे पाठ करून उभे असलेले ते मनोरे आजूबाजूच्या जुन्या कार्यालयांतले भाडेकरू ओढून घेऊ लागले, त्यामुळे मध्यवस्ती भरण्याऐवजी आणखी रिकामी झाली, आणि काही वर्षांतच मूळ गुंतवणूकदारांचे पैसे अडकले. 1996 मध्ये जनरल मोटर्सने ते विकत घेतले. एका मोठ्या इमारतीने शहर उठत नाही, हा धडा तिथल्या लोकांनी महागात घेतला.

त्यानंतरच्या लोकांनी जरा धिम्या गतीने काम केले. लिटल सीझर्स या पिझ्झाच्या कंपनीचे माइक इलिच यांनी जुने फॉक्स थिएटर दुरुस्त करून 1988 मध्ये पुन्हा उघडले. संगणक क्षेत्रातल्या कॉम्प्युवेअरचे पीटर कारमानोस यांनी 2003 मध्ये आपल्या कंपनीचे मुख्यालय उपनगरातून मध्यवस्तीत आणले. 2004 मध्ये समोरच कॅम्पस मार्शस हा सार्वजनिक चौक नव्याने तयार झाला. गिल्बर्ट यांच्या कौतुकात ही नावे गळतात. पण ते आले तेव्हा निदान एक चौक, एक थिएटर आणि एक भरलेली इमारत तिथे होती.

डॅन गिल्बर्ट यांचा जन्म 1962 चा, डेट्रॉइटचाच; वाढले मात्र उपनगरात. 1985 मध्ये त्यांनी रॉक फायनान्शियल ही घरकर्जाची कंपनी काढली. इंटरनेटवरून कर्जाचा अर्ज घेण्याची सोय तिने फार लवकर केली. 1999 मध्ये इंट्यूट या सॉफ्टवेअर कंपनीला त्यांनी ती विकली, तिचे नाव क्विकन लोन्स झाले, आणि 2002 मध्ये त्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह ती विक्रीच्या किमतीहून पुष्कळ कमी पैशात परत घेतली. या एका व्यवहारावरूनही माणसाचा हात कसा चालतो, ते कळते.

हा धंदा आपल्या सोसायटीच्या किंवा बँकेच्या कर्जासारखा नाही, हे समजून घेतले पाहिजे. आपल्याकडची सोसायटी ठेवीदारांच्या पैशातून कर्ज देते आणि पंधरा-वीस वर्षे त्या कर्जदाराचे हप्ते मोजत बसते. क्विकन लोन्स (2021 पासून तिचे नाव रॉकेट मॉर्गेज आहे) ठेवी घेत नाही. ती कर्ज तयार करते, सरकारपुरस्कृत संस्थांनी ठरवलेल्या निकषांत बसवते, थोड्याच दिवसांत ते कर्ज बाजारात विकून पैसा मोकळा करते आणि पुढच्या कर्जाला लावते. हप्ते वसूल करण्याचे काम आणि त्याचे शुल्क बहुधा स्वतःकडे ठेवते. व्याजदर उतरले की लाखो लोक जुने कर्ज फेडून नवे घेतात, आणि अशा वर्षी या कंपनीची चांदी होते. 2008 च्या संकटात मोठमोठ्या बँका कोलमडल्या, काहींनी गृहकर्जातून अंग काढून घेतले, दर तळाला गेले, आणि मोकळ्या झालेल्या मैदानात ही कंपनी वाढत जाऊन 2017 च्या अखेरीस तिने किरकोळ घरकर्जात वेल्स फार्गो बँकेलाही मागे टाकले.

त्याच संकटात डेट्रॉइटची घरे मात्र बुडत होती. 2005 नंतरच्या दहा वर्षांत शहरातली 65 हजारांच्या आसपास घरे कर्जापोटी जप्त झाली. रिकाम्या घरातून आधी तांब्याचे पाइप जातात, मग दारे-खिडक्या जातात, शेवटी कोणी तरी आग लावते. शेजारच्या घराची किंमत त्यामुळे पडते आणि तिथला मालकही हप्ते भरण्यापेक्षा किल्ली टाकून जाणे पसंत करतो. 2010 ची जनगणना झाली, तेव्हा शहरात 7 लाख 14 हजार माणसे उरली होती.

याच ऑगस्ट 2010 मध्ये क्विकन लोन्सने आपले मुख्यालय लिव्होनिया या उपनगरातून मध्यवस्तीत, कॉम्प्युवेअरच्या इमारतीत हलवले. पहिल्या खेपेला सुमारे 1,700 कर्मचारी आले. या नोकऱ्या नव्या नव्हत्या, उपनगरातून शहरात आणलेल्या होत्या, हे टीकाकार लगेच दाखवून देतात. ते बरोबर आहे. तरीही शहराच्या तिजोरीला त्याचा अर्थ होता, कारण डेट्रॉइट शहर रहिवाशांच्या मिळकतीवर 2.4 टक्के आणि बाहेरून कामाला येणाऱ्यांच्या मिळकतीवर 1.2 टक्के कर घेते. लिव्होनियात बसून काम करणाऱ्याकडून शहराला काही मिळत नव्हते. तोच माणूस तेच काम कॅम्पस मार्शसला बसून करू लागला की पगारातला एक हिस्सा शहराला येतो, आणि दुपारी तो बाहेर जेवायला उतरतो.

2011 पासून गिल्बर्ट यांच्या बेडरॉक या कंपनीने मध्यवस्तीतल्या इमारती एकामागून एक घ्यायला सुरुवात केली. मॅडिसन थिएटरची इमारत, चेस टॉवर, फर्स्ट नॅशनल बिल्डिंग, 2015 मध्ये शहरातला सर्वांत उंच कार्यालयीन मनोरा आणि बंद पडलेला बुक टॉवर, असे करत ही संख्या शंभराच्या पुढे गेली. मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो एकहाती मालकीचा मुद्दा. रिकाम्या पडलेल्या बाजारपेठेत प्रत्येक मालक शेजाऱ्याची वाट पाहत असतो. आपण एकट्याने इमारत दुरुस्त केली आणि शेजारची तीन पडीकच राहिली, तर भाडेकरू येणार नाही आणि घातलेला पैसा बुडेल. म्हणून कोणीच हलत नाही. एकाच माणसाने दहा लगतच्या इमारती घेतल्या, म्हणजे हा पेच सुटतो. पहिल्या इमारतीवर केलेला खर्च उरलेल्या नऊंची किंमत वाढवतो, आणि वाढलेली किंमत त्याच्याच खिशात जाते. शिवाय त्याच्याकडे स्वतःचा भाडेकरू, म्हणजे हजारो कर्मचाऱ्यांची स्वतःची कंपनी होती. दिवे लागले, तळमजल्यांवर दुकाने आली, रस्त्यांवर खाजगी सुरक्षारक्षक आणि कॅमेऱ्यांचे जाळे आले. ज्या सोयी पालिकेने द्यायच्या, त्या एका मालकाने आपल्या हद्दीत दिल्या.

आणि पालिका त्या वेळी काय करत होती? 2013 मध्ये शहरातले सुमारे 40 टक्के रस्त्यांवरचे दिवे बंद होते. मार्चमध्ये राज्य सरकारने निवडून आलेल्यांच्या डोक्यावर केविन ऑर यांना आपत्कालीन व्यवस्थापक म्हणून बसवले, आणि 18 जुलै 2013 रोजी सुमारे 18 अब्ज डॉलरच्या देण्यांसह शहराने दिवाळखोरीचा अर्ज केला. अमेरिकेतल्या कोणत्याही शहराची एवढी मोठी दिवाळखोरी त्याआधी झाली नव्हती. देणेकऱ्यांची नजर शहराच्या कलासंग्रहालयातल्या चित्रांवर गेली. ती विकावी लागू नयेत आणि पेन्शनही फार कापावी लागू नये, यासाठी धर्मादाय प्रतिष्ठाने, राज्य सरकार आणि संग्रहालय यांनी मिळून 81 कोटी 60 लाख डॉलर उभे करण्याचे ठरवले. तरी सामान्य निवृत्तांच्या पेन्शनमध्ये साडेचार टक्के कपात झाली आणि महागाईची वाढ गेली. 10 डिसेंबर 2014 रोजी शहर दिवाळखोरीतून बाहेर पडले, तेव्हा सुमारे सात अब्ज डॉलरचे देणे पुसले गेले होते. 2016 अखेर 65 हजार नवे एलईडी दिवे बसले. गिल्बर्ट यांच्या इमारतींना भाडेकरू मिळाले, त्यामागे हेही होते: हिशेब कोरा झालेली पालिका, सोसलेले पेन्शनर, आणि कर्जरोखे घेऊन नुकसानीत गेलेले लोक. उभारीचे श्रेय वाटताना या मंडळींचे नाव कोणी घेत नाही.

दिवाळखोरीच्या काळातच पडीक मालमत्तांसाठी एक कार्यदल नेमले गेले आणि त्याच्या तीन सहअध्यक्षांपैकी एक गिल्बर्ट होते. गाडीतून गल्लोगल्ली फिरत, हातात टॅबलेट घेऊन, प्रत्येक भूखंडाचा फोटो आणि नोंद घेत शहरातल्या सुमारे 3 लाख 80 हजार मालमत्तांची पाहणी झाली. मे 2014 च्या अहवालात 84,641 मालमत्ता पडीक किंवा त्या वाटेवरच्या निघाल्या, आणि त्यांतली सुमारे 40 हजार बांधकामे ताबडतोब पाडावीत, असे सुचवले गेले. पाहणी म्हणून हे काम उत्तम होते; आपल्या कोणत्याही महापालिकेने त्याचा अभ्यास करावा. परंतु पुढच्याच वर्षी तिथल्या एका दैनिकाने जप्त घरांची छाननी केली, तेव्हा ज्यांची कर्जे सर्वाधिक जप्तीला गेली अशा कंपन्यांत क्विकन लोन्सचा क्रमांक पाचवा असल्याचे छापून आले. आपली कर्जे चांगल्या दर्जाची होती, असे सांगत कंपनीने तो निष्कर्ष फेटाळला. केंद्राच्या न्याय विभागाने 2015 मध्ये सरकारी विम्याच्या कर्जांवरून तिच्यावर भरलेला दावा 2019 मध्ये 3 कोटी 25 लाख डॉलरवर मिटला. कंपनीने चूक कबूल केली नाही. सावकाराने गहाण घरांची मोजदाद करायला बसावे, यातला विरोधाभास तिथल्या लोकांच्या नजरेतून सुटला नव्हता. घरे पाडायला पैसा आला, तोही मुख्यतः केंद्राच्या अशा निधीतून, जो मुळात अडचणीतल्या कर्जदारांची घरे वाचवण्यासाठी ठेवलेला होता.

सरकारी पैशाचा प्रश्न इथे संपत नाही. 2017 मध्ये मिशिगनने एक कायदा केला, ज्यान्वये मोठ्या प्रकल्पात काम करणाऱ्यांच्या आणि राहणाऱ्यांच्या आयकराचा काही भाग सरकारऐवजी विकसकाला मिळू शकतो. त्याखाली 2018 मध्ये बेडरॉकच्या चार प्रकल्पांना 61 कोटी 80 लाख डॉलरचे लाभ मंजूर झाले. हडसन्सच्या जागेवर, जिथे पुढे जनरल मोटर्सचे कार्यालय जायचे ठरले त्या इमारतीचे, डिसेंबर 2017 मध्ये काम सुरू झाले होते. 2022 मध्ये नगरपरिषदेने बऱ्याच वादानंतर त्याला सुमारे सहा कोटी डॉलरची करसवलतही दिली. या सवलती नसत्या तर इमारत झालीच नसती, असे विकसक म्हणतो, आणि झालीच असती, असे विरोधक म्हणतात. माझे मत असे की, सवलत मागण्याची ताकदसुद्धा त्याच एकहाती मालकीतून येते. ज्याच्याकडे मध्यवस्तीच आहे, त्याला ‘नाही’ म्हणणारा नगरसेवक शोधावा लागतो.

मध्यवस्तीच्या बाहेर शहर फार मोठे आहे, सुमारे 139 चौरस मैल, आणि तिथे चित्र वेगळे होते. ज्या शहरात दहातले आठ लोक कृष्णवर्णीय होते, तिथे 2017 मध्ये बेडरॉकच्या एका इमारतीवर ‘आम्हाला दिसते तसे डेट्रॉइट पाहा’ अशा अर्थाचा फलक लागला, आणि त्यावरच्या गर्दीत जवळजवळ सगळे चेहरे गोरे होते. गिल्बर्ट यांनी माफी मागून तो काढला. त्याच वर्षी वुडवर्डवर सव्वातीन मैलांची ट्राम धावू लागली, जिच्या उभारणीत त्यांचा पुढाकार होता. ती मध्यवस्तीतून निघून शहराच्या एका पट्ट्यातच फिरते. दरम्यान वस्त्यांमध्ये पालिकेचा मालमत्ता कर लोकांची घरे गिळत होता. मिशिगनच्या राज्यघटनेनुसार बाजारभावाच्या निम्म्याहून अधिक मूल्यांकन करता येत नाही. पण पडलेल्या भावांप्रमाणे मूल्यांकन खाली आणले गेले नाही, आणि 2010 ते 2016 या काळात घरमालकांवर किमान 60 कोटी डॉलरचा जादा कर बसल्याचे नंतर उघड झाले. कर थकला म्हणून घरे लिलावात गेली.

मे 2019 मध्ये गिल्बर्ट यांना पक्षाघाताचा झटका आला. त्यानंतरचे त्यांचे काम काहीसे वेगळ्या वळणाचे दिसते. मार्च 2021 मध्ये त्यांनी दहा वर्षांत 50 कोटी डॉलर डेट्रॉइटच्या वस्त्यांसाठी देण्याचे जाहीर केले, आणि पहिले दीड कोटी डॉलर गरीब घरमालकांचा थकीत मालमत्ता कर फेडण्यासाठी ठेवले. साधारण 20 हजार कुटुंबांना त्याचा लाभ होईल असा अंदाज होता. आदल्या वर्षीच कंपनी शेअर बाजारात आली होती, त्यामुळे हात सैल होता, असे कोणी म्हणेल. म्हणो. ज्यांचे घर लिलावातून सुटले, त्यांना त्याने फरक पडत नाही.

2024 च्या मे महिन्यात जनगणना खात्याने आदल्या वर्षीचा अंदाज प्रसिद्ध केला, त्यात डेट्रॉइटची लोकसंख्या 1957 नंतर प्रथमच वाढलेली दिसली. वाढ होती 1,852 माणसांची.

आता आपल्याकडे वळायचे, तर उद्यमबागेची ठेवण डेट्रॉइटच्या मध्यवस्तीच्या अगदी उलट आहे. इथे एकाचे असे काही नाही. शेडगणिक मालक वेगळा. एकाचा पॅटर्न (साच्यासाठीचा नमुना), दुसऱ्याची फाउंड्री, तिसऱ्याचे मशीनिंग, आणि खेळत्या भांडवलासाठी यांतल्या कित्येकांची राहती घरे बँकेत तारण. बिल तीन-तीन महिने अडकले की पहिला घोर घराचा लागतो. एकहाती मालकीचा नमुना पाहायचा तर महामार्गाने हत्तरगीला जावे. तिथे सुमारे अडीचशे एकरांवर एका खाजगी उद्योगसमूहाने विमानाच्या सुट्या भागांसाठी विशेष आर्थिक क्षेत्र उभारले आहे, आणि फोर्जिंगपासून (धातू दाबून घडवण्यापासून) मुलामा देण्यापर्यंतचे काम एका कुंपणात आणल्यामुळे जे साधते, ते विखुरलेल्या शेडना साधणे कठीण असते. हत्तरगीचा पैसा मात्र जमिनीच्या वाढत्या भावावर बसलेला नाही, तो यंत्रांत गेला आहे, आणि त्या अर्थी त्याचे नाते गिल्बर्ट यांच्यापेक्षा औंधच्या माळरानाशी जवळचे आहे. बेळगावच्या मध्यवस्तीत जो खर्च झाला, तो जानेवारी 2016 च्या स्मार्ट सिटी यादीत पहिल्या वीस शहरांत नाव आल्यामुळे, म्हणजे सरकारी पैशातून. एखादा धनिक येऊन खडेबाजार नि आसपासच्या पेठा एकगठ्ठा विकत घेईल, तर त्याला शेकडो वारसांच्या सह्या लागतील, हेही उसासे टाकणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

जनरल मोटर्सच्या स्थलांतराने डेट्रॉइटमध्ये रेनेसान्स सेंटरचे काय करायचे, हा प्रश्न पुन्हा उभा राहिला. नोव्हेंबर 2024 मध्ये जनरल मोटर्स आणि बेडरॉक यांनी मिळून त्यावर सुमारे 1 अब्ज 60 कोटी डॉलरचा आराखडा मांडला. जनरल मोटर्सच्या मालकीच्या पाच मनोऱ्यांपैकी नदीकडचे दोन पाडायचे, उरलेल्यांत घरे आणि हॉटेल करायचे, आणि नदीकाठ लोकांसाठी मोकळा करायचा, असा तो बेत होता. त्यासाठी साडेतीनशे दशलक्ष, म्हणजे 35 कोटी डॉलर, सरकारी तिजोरीतून मिळावेत, अशी मागणीही त्याच आराखड्यात होती.